आधी ‘कधी?’, मग ‘कुठून?’
(प्रस्तावना)

इंजिनातून येणारी कुईकुई ही गाडीवाल्यांची नेहमीची तक्रार, आणि सगळ्यांत वरवर मिटवली जाणारीही. गाडी गॅरेजला जाते, मेकॅनिक बॉनेट उघडतो, ‘बेल्ट गेलाय’ म्हणतो, नवा बेल्ट चढवतो आणि गाडी गप्प होते. पैसे देऊन माणूस घरी जातो. काही दिवसांनी एका गार सकाळी सेल्फ मारला की तोच आवाज पुन्हा हजर. मग दुसरा बेल्ट येतो, आधीच्यापेक्षा महाग, ‘कंपनीचा’. तोही यथावकाश ओरडू लागतो. हे पुस्तक त्या दुसऱ्या बेल्टच्या विरोधात लिहिलं आहे.

बहुतेक वेळा बेल्टच ओरडत असतो, तिथवर मेकॅनिकचं बरोबर असतं. पण तो का ओरडतो, हे विचारायचं राहून जातं. पुली किंचित तिरकी बसलेली असते, टेन्शनरची स्प्रिंग थकलेली असते, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून तेल झिरपत असतं, अल्टरनेटरचं बेअरिंग सुकलेलं असतं. यांतल्या कुणाचाच आवाज आधी ऐकू येत नाही. त्यांचा त्रास बेल्टला होतो आणि आवाज बेल्टचा निघतो. बेल्ट बदलला की मूळ दुखणं जागच्या जागी राहतं आणि नव्या बेल्टलाही खायला लागतं.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गॅरेजमध्ये काम करताना आणि पुढं आयटीआयच्या मोटार मेकॅनिक ट्रेडला शिकवताना एक गोष्ट मला सतत जाणवत आली. मुलं इंजिन उघडतात, स्वच्छ करून पुन्हा जोडतात, टॉर्क रेंच नीट वापरतात. पण चालू इंजिनासमोर उभं राहून ऐकायचं कसं, हे त्यांना हाताशी धरून कुणी सांगितलेलं नसतं. गाडीमालकाचं उलटं असतं. रोज सकाळी आवाज ऐकतो तो तोच, पण त्यातलं नेमकं काय मेकॅनिकला सांगायचं हे त्याला ठाऊक नसतं. ‘कसलातरी आवाज येतोय बघा’ एवढ्यावर बोलणं संपतं. या दोघांना एकाच पानावर आणावं, एवढाच या लेखनामागचा हेतू आहे.

गाडी दारात आली की मेकॅनिकचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘आवाज कुठनं येतोय?’ हा प्रश्न पहिला विचारू नये असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचं कारण आपल्या कानात आहे. आवाजाची दिशा आपल्याला दोन प्रकारे कळते. खालच्या पट्टीतला, जाड आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला किंचित नंतर पोचतो. त्या वेळेच्या फरकावरून मेंदू बाजू ठरवतो. वरच्या पट्टीतला, बारीक आवाज डोक्याच्या आडोशामुळं एका कानाला मोठा आणि दुसऱ्याला लहान ऐकू येतो. तिथं मोठेपणाचा फरक कामाला येतो. मधल्या पट्टीत, साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास, या दोन्ही खुणा कमजोर पडतात. हार्वर्ड विद्यापीठातल्या स्टीव्हन्स आणि न्यूमन यांनी १९३६ साली प्रयोग करून हे दाखवून दिलं. गंमत अशी की आपला कान सर्वांत तिखट असतो तो याच टप्प्यात. बेल्टची किंचाळी बऱ्याचदा नेमकी इथंच पडते. म्हणून ती कानात घुसते, पण आली कुठून हे बोट दाखवून सांगता येत नाही. त्यात बॉनेटचा पत्रा, समोरची भिंत आणि खालची फरशी यांवर आपटून आवाज चहूबाजूंनी परत येतो. अनुभवी माणूससुद्धा डावीकडच्या आवाजासाठी उजवीकडे वाकलेला मी पाहिला आहे. त्यात त्याचा दोष नाही.

‘कधी?’ या प्रश्नाला मात्र दिशेची गरज नाही. इंजिन गार असताना येतो की गरम झाल्यावर? सेल्फ मारल्याबरोबर येऊन अर्ध्या मिनिटात विरतो की तासभर चालतो? रेस दिली की वाढतो, की उलट कमी होतो? एसीचं बटण दाबलं, दिवे लावले, स्टिअरिंग पार शेवटपर्यंत वळवलं, क्लच दाबला, तर काय बदलतं? फक्त पावसाळ्यात येतो का? गाडी उभी असताना येतो की चालू लागल्यावरच? ही उत्तरं कुठलाही गाडीमालक घरबसल्या देऊ शकतो. एसी लावताच किंचाळी सुटत असेल तर काँप्रेसरचा बोजा बेल्टला पेलत नाही. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत चाकं पूर्ण वळवल्यावर आवाज होत असेल तर पंप आणि त्याचं तेल आधी बघायचं. क्लच पायाखाली गेल्यावर आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग; क्लच सोडून न्यूट्रलमध्ये येतो आणि दाबला की थांबतो, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. एवढ्या चार प्रश्नांत संशयितांची यादी निम्म्यावर येते आणि अजून हाताला पाना लागलेला नसतो.

आता बेल्टकडे वळू. पुस्तकाचा मोठा भाग त्यानंच व्यापला आहे.

इंजिनाच्या पुढच्या तोंडाला क्रँकची पुली असते. तिच्यावरून निघालेला बेल्ट अल्टरनेटर, एसीचा काँप्रेसर, बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप आणि काही गाड्यांत पॉवर स्टिअरिंगचा पंप फिरवतो. बेल्टला दात नसतात. सगळी ओढाताण घर्षणावर चालते. या घर्षणावर किती भार पडतो याची बहुतेकांना कल्पना नसते. पावसाळी रात्री दिवे, वायपर, ब्लोअर आणि मागच्या काचेचा डीफॉगर चालू असताना अल्टरनेटर १४ व्होल्टला ७० अँपिअर देत असेल, तर ते होतात ९८० वॅट. अल्टरनेटरमध्ये काही ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणजे बेल्टनं त्याला दोन अश्वशक्तींहून अधिक पुरवावी लागते, आणि तीही पाच-सहा सेंटिमीटर व्यासाच्या चिमुकल्या पुलीवरून. बेल्टची पहिली किंचाळी बहुधा अल्टरनेटरवर सुटते, ती यामुळंच. पहाटे सेल्फनं बॅटरीतून भरपूर करंट उपसलेला असतो, तो भरून काढायला अल्टरनेटर जोर लावतो, रबर गारठून कडक झालेलं असतं आणि बेल्टवर दंव असतं. बॅटरी भरत आली आणि रबर तापलं की आवाज आपोआप मिटतो.

बेल्टची पकड दोन गोष्टींवर ठरते: तो किती ताणलेला आहे आणि पुलीला किती वेढा घालतो. वेढा वाढला की पकड साध्या पटीत वाढत नाही, घातांकानं वाढते. हे सूत्र लेओनार्ड ऑयलरनं १८व्या शतकात मांडलं. बॉनेटखाली एखादी बिनकामाची वाटणारी आयडलर पुली दिसते ना, ती बेल्टला वळवून शेजारच्या पुलीवरचा वेढा वाढवण्यासाठीच अनेकदा बसवलेली असते. ताण किंवा वेढा कमी पडला की रबर पुलीला क्षणभर चिकटतं, ताणलं जातं, सुटतं, पुन्हा चिकटतं. सेकंदाला शेकडो-हजारो वेळा हे चिकटणं-सुटणं चालतं आणि त्याचाच सूर होतो. राळ लावलेला गज व्हायोलिनच्या तारेवर हेच करतो.

बेल्टचे आवाज ऐकायला सुरुवात केली की दोन जाती लगेच वेगळ्या काढता येतात, आणि सगळं निदान त्या फरकावर उभं आहे. पहिली चिवचिव: तुटक, ठेक्यात येणारी, आयडलिंगला स्पष्ट आणि रेस दिली की बहुधा मिटणारी. दुसरी किंचाळी: सलग, लांब, भार किंवा रेस वाढली की वाढणारी. चिवचिव म्हणजे पुल्या एका रेषेत नाहीत. बेल्ट तिरका शिरतो आणि त्याच्या कडा खाचांच्या भिंतींना घासतात. किंचाळी म्हणजे बेल्ट घसरतोय. ताण कमी आहे, बेल्ट झिजलाय किंवा ज्याला फिरवायचं तो भागच जड झालाय.

खात्री करायला साध्या पाण्याची फवारणीची बाटली पुरते, कुंड्यांना पाणी मारायची. इंजिन आयडलिंगला ठेवून, हात लांब राखून, बेल्टच्या खाचांच्या बाजूवर दोन-चार फवारे मारायचे. आवाज लगेच गेला आणि काही सेकंदांत परत आला, तर पुल्यांची रेषा बिघडली आहे. पाणी पडताच आवाज उलट वाढला, तर बेल्ट घसरतोय, ताण बघा. एवढी स्वस्त आणि एवढी खरी चाचणी मोटारीच्या कामात क्वचितच असते. तरीही ती फार थोड्या गॅरेजांत केली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या चाचणीनं काय होतं याचा एक दाखला देतो. गडहिंग्लजकडच्या एका शिक्षकांची डिझेल हॅचबॅक आमच्याकडे आली होती. आधीच्या गॅरेजात दोन बेल्ट बदलून झाले होते. ‘सर, सकाळी पोरं शाळेला निघायच्या वेळी ही चिमणीसारखी ओरडते, सगळी आळी बघते,’ असं ते सांगत होते. गाडी रात्रभर ठेवून घेतली, कारण गॅरेजपर्यंत चालत आलेली गाडी गरम असते आणि गरम गाडी खोटं बोलते. सकाळी बॉनेट उघडून सेल्फ मारला. चिवचिव, चिवचिव, अगदी ठेक्यात. मुलांना आजूबाजूला उभं केलं आणि फवारा मारला. आवाज बंद. कुणीतरी ‘गेला!’ म्हणेपर्यंत तो परतही आला. इंजिन बंद करून टॉर्चनं बघितलं, तर बेल्टची इंजिनाकडची कड दोऱ्यांसारखी उसवलेली आणि खालच्या ब्रॅकेटवर काळी, बारीक रबराची भुकटी. एका मुलाला स्टीलची पट्टी आणायला सांगितली. ती क्रँकच्या आणि आयडलरच्या पुलीवर आडवी धरली, तर आयडलरपाशी पट्टीखाली फट दिसली, दोनेक मिलिमीटरची. आयडलर पूर्वी कधीतरी बदललेली होती आणि बसवताना मागचा स्पेसर वॉशर राहून गेला होता. वॉशर टाकला, उसवलेला बेल्ट बदलला. ती गाडी पुढं इतर कामांना येत राहिली, चिवचिवीसाठी आली नाही. मुद्दा दोन मिलिमीटरचा होता आणि त्यापायी दोन चांगले बेल्ट कचऱ्यात गेले होते.

दुसरा मोठा संशयित बेअरिंग. इथं थोडं गणित केलं तर कानाला फार मदत होते. आयडलिंगला इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेतं असं धरू. क्रँकची पुली १४ सेंटिमीटर व्यासाची असेल तर बेल्ट सेकंदाला जवळपास सहा मीटर धावतो. बेल्टची लांबी १०७० मिलिमीटर असेल, तर त्याचा पूर्ण फेरा सेकंदाला साडेपाच वेळा होतो. क्रँक त्याच सेकंदात तेरा फेरे घेतो, आणि साडेपाच सेंटिमीटरची अल्टरनेटरची पुली चौतीस. म्हणजे बेल्टवर एकाच जागी चीर किंवा खडा रुतलेला असेल तर सेकंदाला पाच-सहा टिचक्या ऐकू येतील, मोजता येतील अशा. अल्टरनेटरच्या बेअरिंगचा आवाज मात्र तुटक लागणार नाही. तो सलग घरघर किंवा बारीक रडणं होऊन येईल आणि रेस दिली की त्याची पट्टी चढत जाईल. बेल्टची लांबी शोधायला टेप लावायची गरज नाही. बेल्टच्या पाठीवर ‘६ पीके १०७०’ अशा धाटणीचा आकडा छापलेला असतो: सहा धारी, पीके हा धारींचा प्रकार आणि १०७० मिलिमीटर लांबी.

बेअरिंगची खरी परीक्षा बेल्ट काढल्यावर होते. इंजिन बंद आणि गार असताना बेल्ट उतरवायचा आणि एकेक पुली बोटांनी फिरवायची. चांगल्या आयडलरमध्ये ग्रीस असतं, त्यामुळं ती किंचित जडपणानं, आवाज न करता फिरते आणि थोडक्यात थांबते. टिचकी मारताच भिरभिर फिरत राहणारी पुली चांगली, असं पुष्कळांना वाटतं. ती सुकलेली असते. कान जवळ नेला तर सूं असा कोरडा आवाज येतो, आणि हलवून पाहिली तर प्ले लागतो. अनेक डिझेल गाड्यांच्या अल्टरनेटरला एकाच दिशेनं पकडणारी पुली असते. आतला क्लच गेला की बेल्टला झटके बसतात आणि इंजिन बंद करताना घुर्र असा आवाज येतो. ती एका दिशेला मोकळी फिरली पाहिजे आणि दुसऱ्या दिशेला धरली पाहिजे. दोन्हीकडे मोकळी किंवा दोन्हीकडे घट्ट असेल तर ती संपली. बेल्ट काढलेल्या अवस्थेत इंजिन काही सेकंद चालवून आवाज गेला का, हेही पाहता येतं. मात्र वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर पाणी फिरत नसतं, हे लक्षात ठेवून लगेच बंद करायचं.

वॉटर पंपाबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण इथं दुर्लक्ष अंगाशी येतं. पंपाच्या बेअरिंगपुढं एक सील असतं. ते झिजलं की कूलंट बेअरिंगकडे झिरपतो, ग्रीस धुऊन नेतो आणि बेअरिंग कुरकुरू लागतं. या झिरपलेल्या कूलंटला बाहेर काढून देण्यासाठी पंपाच्या अंगावर एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथं गुलाबी, हिरवा किंवा पांढुरका सुकलेला ओघळ दिसला, तर कूलंट सुटल्याची ती सर्वांत आधीची खूण आहे. एका गृहस्थांनी अशाच कुरकुरीवर कुणाच्यातरी सल्ल्यानं स्प्रे मारून घेतला. आवाज थांबला, म्हणून ते सहकुटुंब रत्नागिरीला निघाले. आंबा घाटात काटा लालवर गेला, आणि गाडी आमच्याकडे आली ती हेड गॅस्केट जळूनच. पंपाच्या तोंडावर तो ओघळ तेव्हाही तसाच होता, स्प्रेच्या तेलानं चकचकीत झालेला.

म्हणून स्प्रेबद्दल स्पष्ट लिहितो. बेल्टवर कुठलंही तेल, गंज सोडवण्याचा स्प्रे, मेण, साबण किंवा राळेची पूड लावू नये. जुन्या व्ही बेल्टच्या काळापासून चालत आलेले हे उपाय आहेत. धारींच्या आधुनिक बेल्टवर ते धूळ धरून ठेवतात, तेलानं रबर फुगतं आणि मऊ पडतं. आवाज दबतो, त्यामुळं कारण शोधायची घाई संपते. बेल्टवर इंजिनातूनच तेल येत असेल तर आधी गळती बंद करायची, पुल्यांच्या खाचा ब्रशनं स्वच्छ करायच्या आणि मगच नवा बेल्ट टाकायचा. हा क्रम उलटा केला की नवा बेल्ट पहिल्याच आठवड्यात तेल पितो.

बेल्टचा इतिहास पुस्तकात थोडक्यात आहे, तोही जिथं निदानाला उपयोगी पडतो तिथंच. व्ही आकाराचा रबरी बेल्ट जॉन गेट्स यांनी अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये १९१७ साली आणला. आपल्याकडे अँबॅसेडर आणि कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी यांच्यात तोच ‘फॅन बेल्ट’ होता: डायनॅमो, पाण्याचा पंप आणि पंखा सगळं त्या एकावर. जुने ड्रायव्हर डिकीत एक जादा बेल्ट ठेवत आणि रस्त्याच्या कडेला, दोन पान्यांत तो बदलत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, पंखा विजेवर गेला, पण बेल्टला फॅन बेल्ट म्हणायची सवय राहिली. पुढं एसी सगळ्यांनाच हवा झाला आणि चपटा, धारींचा लांब बेल्ट आला. आता तो बदलायचा तर टेन्शनर कुठल्या बाजूला दाबायचा आणि बेल्ट कुठल्या पुलीच्या वरून, कुठल्या पुलीच्या खालून न्यायचा, हे माहीत लागतं. म्हणून काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, असं मी मुलांना नेहमी सांगतो.

एक बदल मात्र ठळकपणे नोंदवला पाहिजे, कारण त्यानं एक जुनी परीक्षा निकालात काढली. पूर्वीचे बेल्ट निओप्रीनचे असत. ते म्हातारे झाले की आडव्या भेगा पडत आणि भेगा मोजून ‘आता बदला’ म्हणता येई. १९९० च्या दशकापासून ईपीडीएम नावाचं रबर येत गेलं. त्याला सहसा भेगा पडत नाहीत. लाखभर किलोमीटर चाललेला बेल्टही नव्यासारखा काळाभोर दिसतो. तो झिजतो टायरसारखा: धारींमधल्या खाचा रुंद होतात, धार खाचेच्या तळाला टेकू लागते आणि पकड जाते. डोळ्यांना चांगला दिसणारा बेल्ट घसरतो तो असा. हे मोजायला प्लास्टिकचं छोटं गेज मिळतं, ते प्रत्येक गॅरेजात असावं.

२०१५ साली सियाझच्या डिझेल गाडीबरोबर मारुतीनं आणलेल्या एसएचव्हीएस पद्धतीत बेल्टची भूमिका आणखी वाढली. सिग्नलला आपोआप बंद झालेलं इंजिन पुन्हा सुरू करण्याचं काम तिथं बेल्टवरचा मोटर-जनरेटर करतो. म्हणजे एरवी इंजिनाकडून ओढला जाणारा बेल्ट क्षणभर स्वतः इंजिन ओढतो. अशा गाडीत सिग्नल सुटताना किंचाळी आली तर ती साध्या बेल्टच्या हिशेबानं तोलू नये; तिथला टेन्शनर वेगळा असतो आणि बेल्टही त्या कामासाठीच बनवलेला लागतो.

कुईकुईसारखे पण बेल्टशी नातं नसलेले आवाज शेवटच्या प्रकरणात आहेत. इनटेकच्या रबरी नळीला चीर गेली की शिट्टीसारखा आवाज येतो. क्रँककेसच्या हवेचा डायफ्राम फाटला तर काही इंजिनं अक्षरशः हंबरतात. डिपस्टिक किंवा तेलाचं झाकण थोडं सैल केल्याबरोबर आवाज थांबला तर कारण तेच. ब्लोअरमध्ये सुकलेली पानं अडकली तरी किरकिर होते, आणि ती इंजिनाची म्हणून कितीतरी गाड्या उगाच उघडल्या जातात. याउलट टायमिंग बेल्टच्या टेन्शनरची बारीक रडारड हलक्यात घेऊ नये. तो बेल्ट तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि खर्च हजारांतून लाखाकडे जातो.

वाट पाहू शकणारा आवाज आणि न पाहणारा आवाज यांतला फरकही सांगितला पाहिजे. सकाळी अर्ध्या मिनिटाची चिवचिव आठवडाभर थांबू शकते. चालत्या गाडीत किंचाळी अचानक बंद पडली आणि त्याच क्षणी बॅटरीचा लाल दिवा लागला, तर बेल्ट तुटला किंवा उडाला आहे. वॉटर पंप त्या बेल्टवर असेल तर काही मिनिटांत इंजिन तापेल. गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा, ‘पुढच्या गॅरेजपर्यंत नेऊ’ म्हणू नका.

पुस्तकात जागोजागी सांगितलेल्या कृती करताना हात, कपडे आणि केस फिरत्या बेल्टपासून दूर ठेवा. ओढणी, साडीचा पदर, मफलर, लोंबती साखळी काढून किंवा खोचून मगच बॉनेटवर वाका. रेडिएटरचा विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या स्थिर अंगावर टेकवून, मूठ कानामागच्या हाडाला लावून बेअरिंग ऐकण्याची पद्धत जुनी आणि चांगली आहे, पण ती शिकलेल्या माणसाशेजारी उभं राहूनच शिका. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप फार महाग नसतो. विद्यार्थ्यांनी तो घ्यावा.

गाडीमालकांना एक विनंती आहे. उद्या सकाळी सेल्फ मारण्याआधी रेडिओ आणि ब्लोअर बंद करा, काच खाली घ्या. आवाज कधी सुरू झाला, एसी लावल्यावर, दिवे लावल्यावर, रेस दिल्यावर काय झालं आणि तो कधी थांबला, हे चार ओळींत लिहा आणि मोबाइलवर रेकॉर्डही करा. तो कागद मेकॅनिकच्या हातात द्या, शक्य असेल तर गाडी रात्रभर त्याच्याकडे ठेवा. आणि ‘बेल्ट टाकू का?’ असं त्यानं विचारलं, तर जुना काढण्याआधी पाण्याचा फवारा मारून बघायला सांगा.